पॅरालीगल की क्रिमिनल जस्टिस? आधी सनद बाहेर काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातून बी.ए., मग तीन वर्षांची एलएल.बी., सनद (बार कौन्सिलचा वकिलीचा परवाना), आणि नाशिकच्या सेशन्स कोर्टात एका सीनिअरकडे चार वर्षं फौजदारी काम, त्यातही बहुतेक जामीन अर्ज. लग्नानंतर न्यू जर्सीतल्या एडिसनला आलात, बरीच वर्षं एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर) घरी होतात, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. मुलगी शाळेत जाते. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या पदव्या देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात) क्रिमिनल जस्टिस (गुन्हे, पोलीस, तुरुंग यांचा अभ्यास) आणि पॅरालीगल स्टडीज (वकिलाचा सहाय्यक होण्याचं शिक्षण) असे दोन अभ्यासक्रम आहेत, दोन्ही दोन वर्षांचे, फी साधारण सारखीच. 'माझा अनुभव फौजदारीतला आहे, तर क्रिमिनल जस्टिसच घ्यावं ना?' असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय, 'पुन्हा कोर्टात उभं राहता येईल का?'

मला विचाराल तर खरा प्रश्न ते शेवटचं वाक्य आहे. या दोनपैकी कोणताही अभ्यासक्रम तुम्हाला कोर्टात अशिलाच्या वतीने उभं करणार नाही. त्यामुळे कोणता घ्यावा हे ठरवण्याआधी घ्यावा का, हे ठरवायला हवं.

मी कोण ते सांगते. मध्य न्यू जर्सीतल्या एका लॉ फर्ममध्ये मी वीसेक वर्षं पॅरालीगल आहे. काम मुख्यतः अपघाताच्या दाव्यांचं, थोडं फौजदारी बचावाचं. आठवड्यातून एक संध्याकाळ कम्युनिटी कॉलेजात सिव्हिल लिटिगेशन शिकवते. मी वकील नाही, म्हणून खाली लिहितेय तो कायदेशीर सल्ला नाही. हे वाक्य मला रोज कुणाला ना कुणाला ऐकवावं लागतं. का ते पुढे येईलच.

आधी वकिलीचं बघू. इथे वकिलीचा परवाना राज्य देतं, आणि परदेशी पदवीधरांच्या बाबतीत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. तुमच्यासारख्यांसाठी दोन दरवाजे सगळ्यांत उघडे आहेत, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया. न्यूयॉर्कचं परीक्षा मंडळ परदेशी पदवीची स्वतः छाननी करतं. भारत कॉमन लॉ परंपरेतला देश असल्यामुळे नियमित वर्गात बसून केलेली तीन वर्षांची एलएल.बी. असलेल्या काहींना ते थेट बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला, बसू देतात. काहींना आधी इथल्या मान्यताप्राप्त लॉ स्कूलमधून २४ क्रेडिटची एलएल.एम. करायला सांगतात. दूरशिक्षणाची पदवी चालत नाही. परीक्षेशिवाय व्यावसायिक नीतिमत्तेची वेगळी चाचणी आणि ५० तासांचं विनामूल्य कायदेशीर काम, हेही लागतं. कॅलिफोर्नियात तर दुसऱ्या देशात वकील म्हणून नोंद असलेल्या माणसाला बारला बसता येतं, म्हणजे तिथे तुमची सनदच कामाला येते.

म्हणून पहिली गोष्ट, सनद बाहेर काढा. ती चालू आहे की नोकरीसाठी वगैरे कधी स्थगित करून घेतली होती, हे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून लेखी मिळवा. दुसरी, विद्यापीठाकडून गुणपत्रिका थेट न्यूयॉर्कच्या मंडळाकडे पाठवण्याची व्यवस्था करा. तिथून उत्तर यायला महिने लागतात, आणि पुण्याहून सीलबंद पाकीट निघायला किती लागतात ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. भाऊ, वहिनी, मैत्रीण, कोणीतरी विद्यापीठात प्रत्यक्ष जाऊन उभं राहणारं लागेल.

तुम्ही म्हणाल, राहते एडिसनला, न्यूयॉर्कच्या परवान्याचं काय करू? मेट्रोपार्क स्टेशनवरून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला रोज हजारो लोक जातात, त्यात वकीलही आहेत. शिवाय इमिग्रेशन हा केंद्राचा कायदा आहे. कोणत्याही एका राज्याचा परवाना असलेला वकील इमिग्रेशन खात्यापुढे आणि इमिग्रेशन कोर्टापुढे काम करू शकतो. ओक ट्री रोडच्या भारतीय बाजारपेठेच्या आसपास त्या कामाला तोटा नाही. पण ही वाट खर्चिक आहे, परीक्षा अवघड आहे, आणि घरात लहान मूल असताना अभ्यासाचे तीन-चार महिने कुठून काढायचे हा प्रश्न नवरा-बायको दोघांनी बसून सोडवायचा आहे. ते मी ठरवू शकत नाही. एवढंच सांगते की पॅरालीगलच्या अभ्यासक्रमाचे क्रेडिट लॉ स्कूलमध्ये धरत नाहीत. 'आधी पॅरालीगल करते, मग तेवढं लॉ स्कूल कमी होईल' या हिशोबाने कोणी कॉलेजात येत असेल तर तो हिशोब चुकीचा आहे.

आता क्रिमिनल जस्टिस. या विषयाचा जन्म पोलिसांना शिकवण्यासाठी झाला. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिसांनी कॉलेजात जावं हा आग्रह धरला. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने तीच शिफारस केली, १९६८ च्या कायद्याने पोलिसांच्या शिक्षणासाठी केंद्राचा पैसा आला, आणि सत्तरच्या दशकात कम्युनिटी कॉलेजांत हे विभाग भराभर उघडले. आजही वर्गात बसणारी बरीच मुलं अठरा-एकोणीस वर्षांची असतात आणि त्यांना पोलीस, तुरुंग किंवा प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या) खात्यात जायचं असतं. अभ्यासक्रमात गुन्हेशास्त्र, पोलीस यंत्रणा, तुरुंग व्यवस्था, बालगुन्हेगारी, फौजदारी कायदा आणि कार्यपद्धती असतात. मिरांडा, गिडियन, मॅप, टेरी हे पोलिसांचे अधिकार आणि आरोपीचे हक्क ठरवणारे सुप्रीम कोर्टाचे साठच्या दशकातले निकाल तुम्ही तिथे वाचाल आणि तुम्हाला मजा येईल, याबद्दल मला शंका नाही. ते समाजशास्त्राच्या अंगाने जाणारं शिक्षण आहे. यंत्रणा कशी चालते, कुणावर कशी पडते, हे त्यातून कळतं. फाइल कशी चालवायची ते कळत नाही.

आणि नोकरी? न्यू जर्सीत गावच्या पोलीस दलात भरती व्हायला नागरिकत्व लागतं. एफबीआयसारख्या केंद्रीय खात्यांत नागरिकत्व तर लागतंच, शिवाय पोलिसी कामांना वयाची मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी ३७ च्या आत. प्रोबेशन ऑफिसरला चार वर्षांची पदवी लागते, दोन वर्षांची पुरत नाही. म्हणजे ग्रीन कार्डवर असताना या पदवीतून उघडणाऱ्या बऱ्याच दारांना तुमच्यासाठी पाच वर्षांचं कुलूप आहे, आणि जी दारं उघडी आहेत त्यांना तुमची बी.ए. आधीच चालेल.

तुमच्या जामिनाच्या अनुभवाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण याच ठिकाणी भारतातून आलेले फौजदारी वकील अडखळतात. न्यू जर्सीने १ जानेवारी २०१७ पासून पैशाचा जामीन जवळजवळ मोडीत काढला. अटक झालेल्या माणसाचं वय, आधीचे गुन्हे, आधी तारखांना गैरहजर राहिला का, अशा गोष्टींवरून धोक्याचे गुण काढले जातात. न्यायव्यवस्थेच्याच प्रीट्रायल सर्व्हिसेस विभागातली माणसं अहवाल देतात. सरकारी वकिलाला आरोपीला आत ठेवायचं असेल तर त्याने अर्ज करायचा आणि सुनावणीत पटवून द्यायचं. जामीनदार, सातबाराचा उतारा, सॉल्व्हन्सी, यातलं काहीच नाही. आरोपीला बाहेर काढण्याची तुमची तर्कबुद्धी इथेही उपयोगी पडेल, पण तिचं सगळं सामान बदललेलं आहे. हा प्रीट्रायल विभाग मात्र तुम्ही डोळ्यांसमोर ठेवा. तिथल्या जागांच्या जाहिराती राज्याच्या न्यायव्यवस्थेच्या संकेतस्थळावर येतात आणि भारतीय पदवीचं मूल्यमापन करून घेतलं असेल तर अर्ज करता येतो का, हे प्रत्येक जाहिरातीत वाचून बघा. फौजदारीची ओढ खरी असेल तर तुमच्यासाठी ती जागा क्रिमिनल जस्टिसच्या पदवीपेक्षा जवळची आहे.

आता माझ्या कामाकडे येते. पॅरालीगल म्हटल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल व्हॉलंटियर डोळ्यांसमोर आणू नका, आणि सीनिअरच्या मागे बॅग घेऊन तारखा लिहिणारा कारकूनही आणू नका. इथला पॅरालीगल वकिलाच्या देखरेखीखाली खरंखुरं कायद्याचं काम करतो. त्याच्या तासांचं बिल अशिलाला जातं, सहा-सहा मिनिटांच्या हिशोबाने. १९८९ च्या मिसुरी विरुद्ध जेनकिन्स या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की विरुद्ध पक्षाकडून वकिलाची फी वसूल होते तेव्हा पॅरालीगलच्या तासांचे पैसेही बाजारभावाने धरता येतात. आमच्या धंद्याला प्रतिष्ठा कुठून आली असं कोणी विचारलं तर मी या निकालाकडे बोट दाखवते. ज्याच्या वेळेला दर आहे, त्याला ऑफिसात चहा आणायला कोणी पाठवत नाही.

एक उदाहरण घ्या. रूट १ या हमरस्त्यावर सिग्नलला थांबलेल्या एका बाईंच्या गाडीला मागून बस धडकली. मान आणि खांदा दुखावला. त्या महिनाभराने आमच्याकडे येतात. माझा पहिला प्रश्न, बस कोणाची? खासगी कंपनीची असेल तर दावा लावायला दोन वर्षं आहेत. बस सरकारी असेल तर ९० दिवसांत त्या संस्थेला रीतसर नोटीस गेलीच पाहिजे, नाहीतर दावा बुडतो, मग मान कितीही दुखो. त्या दिवशीच ती तारीख कॅलेंडरवर चढते, वकिलाच्या आणि माझ्याही. मग विरुद्ध पक्षात आपलाच कोणी जुना अशील तर नाही ना, याची तपासणी. मग बाईंच्या सहीने प्रत्येक दवाखान्याकडून, फिजिओथेरपीवाल्याकडून, एमआरआय सेंटरकडून नोंदी मागवणं. त्या येतात तेव्हा शेकडो पानं असतात, आणि त्यात कुठेतरी तीन वर्षांपूर्वीचं एक वाक्य असतं की 'रुग्णाला खांदेदुखीचा जुना त्रास आहे.' ते वाक्य विमा कंपनीच्या वकिलाआधी मला सापडलं पाहिजे. मी त्या सगळ्या पानांचा तारीखवार गोषवारा करते, आणि वकील त्या गोषवाऱ्यावर दाव्याची किंमत ठरवतो.

मग येते डिस्कव्हरी, म्हणजे खटला उभा राहण्याआधी दोन्ही बाजूंनी एकमेकांचे कागद, माहिती आणि साक्षीदार उघड करून घेणं. तुम्हाला हा भाग सगळ्यांत नवा वाटेल. नाशिकला तुम्ही साक्षीदाराला पहिल्यांदा पिंजऱ्यात बघत होतात. इथे दिवाणी दाव्यातला साक्षीदार आधीच एखाद्या कॉन्फरन्स रूममध्ये शपथेवर तासन्‌तास बोललेला असतो, स्टेनोग्राफरने शब्द न्‌ शब्द टिपलेला असतो. न्यू जर्सीत अपघाताच्या दाव्यात ठरावीक छापील प्रश्नावली असते. तिची उत्तरं अशिलाजवळ बसून लिहून काढणं, ती नोंदींशी जुळतात का बघणं, कागदांवर क्रमांक टाकणं, वकील-अशील गुप्ततेत येणारी पत्रं बाजूला काढणं, साक्षीच्या पानांचा गोषवारा करणं, सगळं ई-फायलिंगने कोर्टात चढवणं, यात माझं वर्ष जातं. बहुतेक दावे ट्रायलपर्यंत पोचत नाहीत, तडजोडीत मिटतात. म्हणजे जे काही जिंकायचं ते याच कागदांत जिंकायचं असतं. फौजदारी बाजूलाही तेच. २०२१ पासून न्यू जर्सीत पोलिसांच्या अंगावर कॅमेरे आले, आणि एका साध्या अटकेचं चार-चार अधिकाऱ्यांचं तासांचं चित्रण आमच्याकडे येतं. ते बघून कोणत्या मिनिटाला कोण काय बोललं याची यादी कोण करतं? मी.

हे वाचून तुम्हाला कंटाळा आला असेल, तर तो कंटाळा गंभीरपणे घ्या. कोर्टात उभं राहून बोलण्याची ज्यांना नशा असते अशी माणसं या खुर्चीत दोन वर्षांत कोमेजतात. मी भारतातून आलेले असे वकील बघितले आहेत. कामात हुशार, पण सुनावणीच्या दिवशी आपण फाइल नेऊन द्यायची आणि दुसऱ्याने बोलायचं, हे त्यांना सोसत नाही. उलट काहींना कोर्टातली बोलणी कधी आवडलीच नव्हती, त्यांना कागद आवडायचे. ती माणसं इथे फुलली. नाशिकला तुम्ही जामीन अर्जाचा मसुदा करताना जास्त रमत होतात की युक्तिवाद करताना, याचं उत्तर तुमच्याकडेच आहे.

पॅरालीगलच घ्यायचं ठरलं, तर दोन वर्षांची ६० क्रेडिटची पदवी तुम्हाला लागणार नाही, असं मला वाटतं. त्या साठपैकी जवळपास निम्मे क्रेडिट इंग्रजी, गणित, इतिहास असल्या सामान्य विषयांचे असतात, आणि ते बारावीनंतर येणाऱ्या मुलांसाठी असतात. तुमच्याकडे पदवी आहे. अनेक कॉलेजांत पदवीधरांसाठी फक्त कायद्याच्या विषयांचं सर्टिफिकेट असतं, साधारण वर्षभराचं. आधी भारतीय पदवीचं मूल्यमापन एखाद्या मान्य संस्थेकडून करून घ्या आणि ते कागद घेऊनच कॉलेजच्या सल्लागाराकडे जा. कागदाशिवाय गेलात तर तो तुम्हाला पहिल्या सत्रापासून बसवेल, आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

न्यू जर्सीत पॅरालीगलला परवाना लागत नाही. म्हणूनच बाजारात नाना तऱ्हेचे कोर्स आहेत आणि त्यातले काही निव्वळ पैसे काढण्यासाठी आहेत. चांगला कोर्स ओळखायची पहिली खूण म्हणजे अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता. ही संघटना १९७५ पासून पॅरालीगल अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि त्यासाठी किमान १८ क्रेडिट कायद्याच्या विषयांचे असावे लागतात. मान्यता नसलेला प्रत्येक कोर्स वाईट असं नाही, पण मोठ्या फर्मच्या जाहिरातीत ती अट दिसते. पुढे कॅलिफोर्नियाला जायची शक्यता असेल तर तिथे पॅरालीगल कोणाला म्हणायचं हे कायद्यानेच ठरवलंय, तेव्हा मान्यताप्राप्त सर्टिफिकेट जवळ असलेलं बरं. नॅशनल असोसिएशन ऑफ लीगल असिस्टंट्स या नावाने सुरू झालेली, आता नाला म्हणून ओळखली जाणारी संघटना १९७६ पासून सर्टिफाइड पॅरालीगलची परीक्षा घेते. ती ऐच्छिक आहे. पहिली नोकरी लागल्यावर दिलीत तरी चालेल.

कॉलेजात गेलात की माहितीपत्रक बाजूला ठेवून विभागप्रमुखांना भेटा. शिकवणारे सध्या वकिली करतात का, हे विचारा. वेस्टलॉ किंवा लेक्सिस या निकाल शोधायच्या डेटाबेसवर विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावाने प्रवेश मिळतो की एकाच लॉगिनवर सगळा वर्ग? लीगल रायटिंगला किती असाइनमेंट असतात आणि त्या लाल शाईने तपासून परत येतात का? इंटर्नशिप कॉलेज लावून देतं की 'तुम्हीच शोधा' म्हणतं? गेल्या वर्षीची मुलं कुठे लागली, हे आकड्यांत नको, फर्मची नावं सांगा म्हणावं. या शेवटच्या प्रश्नाला जो विभागप्रमुख पटापट चार नावं सांगतो, त्याचा विभाग जिवंत आहे.

तुमच्या बाबतीत लागू नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सांगते, ज्यांची मुलं बारावीनंतर क्रिमिनल जस्टिस घ्यायचं म्हणतायत. ए.ए. किंवा ए.एस. आणि ए.ए.एस. या कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या पदव्यांत मोठा फरक आहे. न्यू जर्सीत २००८ पासूनच्या करारानुसार ए.ए. आणि ए.एस. घेतलेल्यांचे क्रेडिट राज्याच्या सरकारी विद्यापीठांत पुढे धरले जातात. ए.ए.एस. ही नोकरीसाठीची पदवी आहे, तिला ती हमी नाही. न्यूयॉर्क शहरात राहत असाल तर तिथल्या कम्युनिटी कॉलेजांतून क्रिमिनल जस्टिससाठी ओळखल्या जाणाऱ्या जॉन जे कॉलेजात जाण्याची ठरलेली वाट आहे, ती चांगली आहे. मुलाला पुढे चार वर्षांची पदवी करायची असेल तर पहिल्याच दिवशी हे बघा.

पैशाचं बोलते. काउंटीच्या (जिल्ह्याच्या) रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी कमी पडते, ते तुम्ही बघितलंच असेल. पण ग्रीन कार्डमुळे केंद्राची मदत मिळेल या आशेवर राहू नका. पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची केंद्राची मदत, पहिली पदवी नसलेल्यांसाठी असते आणि भारतातली पदवीही त्यात पदवीच धरतात. फॉर्ममध्ये ती लपवू नका. कर्ज मिळू शकतं, पण एवढ्या फीसाठी कर्ज काढावं असं मला वाटत नाही. एच-४ वर असलेल्या मैत्रिणी विचारतात म्हणून: शिकायला एच-४ चालतो, नोकरीला ईएडी (काम करण्याची परवानगी) लागतं, आणि बिनपगारी इंटर्नशिपची भानगड आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, मला नको.

पगाराचा केंद्रीय कामगार खात्याचा २०२४ चा मध्यम आकडा वर्षाला साधारण ६१ हजार डॉलर होता. न्यूयॉर्क आणि उत्तर जर्सीच्या मोठ्या फर्म त्याहून जास्त देतात, गावातल्या एकट्या वकिलाकडे सुरुवात त्याहून बरीच खाली होते. याच खात्याच्या अंदाजाने येत्या दशकात पॅरालीगलच्या जागा फारशा वाढणार नाहीत, निवृत्त होणाऱ्यांच्या जागा मात्र भरल्या जातील. एआयबद्दल सगळेच विचारतात. कागद चाळण्याचं काम यंत्र करू लागलंय, हे खरं आहे. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले, कधी न झालेले निकाल दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला, तेव्हापासून आमच्या फर्ममध्ये प्रत्येक दाखला माणसाच्या डोळ्याने तपासला जातो. ते डोळे पॅरालीगलचे असतात.

तुमची मोठी अडचण कायद्याची नसेल, इंग्रजीची असेल. इंग्रजी येत नाही म्हणून म्हणत नाहीये, चांगलं येतं म्हणूनच. आपल्या कोर्टातलं 'मोस्ट रिस्पेक्टफुली शोवेथ'वालं, एका वाक्यात अर्धं पान जाणारं इंग्रजी इथे चालत नाही. मुद्दा काय, नियम काय, तो इथे कसा लागतो, निष्कर्ष काय, एवढं छोट्या वाक्यांत. माझ्या वर्गात भारतातून आलेल्या वकिलांचे पहिले मेमो (कायदेशीर टिपणं) मी सगळ्यांत जास्त खोडते. तिसऱ्या-चौथ्या मेमोला ते वर्गाच्या पुढे गेलेले असतात, कारण विचार करायला ते आधीच शिकलेले असतात.

आणि आता ते 'मी वकील नाही'. नोकरी लागली की मंदिरात, मंडळाच्या गणपतीत, मुलीच्या शाळेच्या पार्किंगमध्ये लोक धरतील. 'तू लॉमध्येच आहेस ना, एवढा फॉर्म बघ.' 'पोलिसांनी तिकीट दिलंय, गिल्टी म्हणू का?' भारतात वकील असल्यामुळे उत्तर जिभेवर येईल. द्यायचं नाही. परवान्याशिवाय कायदेशीर सल्ला देणं हा इथे गुन्हा होऊ शकतो आणि तुमच्या फर्मलाही तो महागात पडतो. फी घेतली नाही, म्हणजे सुटका असं नाही. इमिग्रेशनच्या फॉर्मबद्दल तर जास्तच जपून राहा.

तरीही वकील न होता लोकांच्या वतीने उभं राहण्याची एक वाट आहे, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. केंद्रीय न्याय खात्याने मान्यता दिलेल्या ना-नफा संस्थांत काम करणाऱ्या माणसाला 'अॅक्रेडिटेड रेप्रेझेंटेटिव्ह' म्हणून परवानगी मिळू शकते. अर्धी परवानगी असेल तर इमिग्रेशन खात्यापुढे, पूर्ण असेल तर इमिग्रेशन कोर्टातही. अर्ज संस्था करते, तुम्ही नाही, आणि पगार बेताचा असतो. पण मराठी, हिंदी आणि कायदा तिन्ही येणारी बाई अशा संस्थेला हवीच असते. तुमचं ते शेवटचं वाक्य वाचताना मला आधी हेच आठवलं.

माझ्या हिशोबाने क्रम असा: न्यूयॉर्कच्या छाननीला कागद या महिन्यात रवाना करा. उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. कम्युनिटी कॉलेजात पूर्ण प्रवेश न घेताही एखादा सुटा कोर्स घेता येतो. पॅरालीगलच्या ओळखीचा किंवा लीगल रायटिंगचा, जो मिळेल तो एकच, संध्याकाळचा घ्या. बारची वाट मोकळी झाली तरी ते लेखन वाया जात नाही, आणि नाही झाली तर सर्टिफिकेटचे तीन क्रेडिट झालेले असतील. क्रिमिनल जस्टिसचा फॉर्म सध्या भरू नका.

तुमची एलएल.बी. नियमित वर्गांची होती ना, आणि सनद कोणत्या साली घेतलीत, हे कळवा. न्यूयॉर्कच्या बाबतीत पुढचं सगळं त्यावर ठरेल.